थीम धानाची, काम छोट्या हातांचं

रविवारी संध्याकाळी प्लेस्कूलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, 'उद्या यलो डे. मुलांना पिवळे कपडे घालावेत, डब्यात पिवळा पदार्थ द्यावा.' मग कपाट उपसलं जातं, कुणाची तरी ओढणी कापली जाते, आई रात्री ११ वाजता चार्टपेपरवर आंबा रंगवत बसते. सोमवारी दुपारी ग्रुपवर फोटो येतात. पिवळ्या फुग्यांपुढे पिवळी मुलं, सगळी गोड. घरी आल्यावर मुलाला विचारा, आज शाळेत काय केलं? उत्तर येतं, "फोटो काढला."

यात शिक्षिकांना दोष द्यावा असं काही नाही. फोटो गेले नाहीत तर पालकच विचारतात. पण थीम हा शब्द या रंगीत दिवसांमुळे फार स्वस्त झाला आहे. खरं तर थीम म्हणजे एकच ओळखीची वस्तू घेऊन आठवडा-दोन आठवडे तिच्या मागे लागणं. ती हातात घ्यायची, मोजायची, भिजवायची, फोडायची, चाखायची, तिच्याबद्दल बोलायचं. यात आईने रात्री जागण्यासारखं काहीच नसतं.

ताराबाई आणि अनुताईंचं सामान

ही कल्पना परदेशी प्लेस्कूलमधून आली असं अनेकांना वाटतं. मराठी घरांना तरी तसं वाटायला नको. ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांसोबत माँटेसरी पद्धतीवर काम केलं आणि १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा भाग आज पालघर जिल्ह्यात येतो.

माँटेसरीची लाकडी साधनं महाग होती, गावाला परवडणारी नव्हती. म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं, माती हेच साहित्य झालं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी हा शब्द जन्मला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरली, कुरणशाळा. १९७५मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा देशभरच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं.

आता २०२२चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही ३ ते ८ वयाच्या मुलांसाठी खेळातून शिकण्यावर भर देतो. पाठोपाठ २०२३मध्ये 'जादुई पिटारा' आला, खेळणी, कोडी आणि बाहुल्यांचा. चांगलं आहे. पण पिटारा पोहोचेपर्यंत थांबायची गरज नाही, स्वयंपाकघरात डबे आहेत.

रायपूरमध्ये थीम कोणती घ्यावी?

बूढापारासारख्या वस्तीत बसून 'पेंग्विन वीक' करायचा की जे दारात आहे ते घ्यायचं? छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. इथल्या तीन-चार वर्षांच्या मुलाने भात रोज खाल्लेला असतो, पण त्याच भाताचं टरफलासकट धान बोटांत धरून पाहिलेलं नसतं. थीमची सुरुवात इथूनच होऊ शकते.

चार ताटल्या घ्या. एकीत धान, दुसरीत तांदूळ, तिसरीत पोहे, चौथीत मुरमुरे. पहिल्या दिवशी काही सांगू नका. मुलांना फक्त हात घालू द्या. धान टोचतं, तांदूळ बोटांतून घसरतो, पोहा चिकटल्यासारखा वाटतो, मुरमुरा दाबला की चुरतो. हे चारही एकाच घरचे आहेत, हे लगेच कुणाला पटत नाही. मग प्रत्येकाला धानाचे पाच दाणे द्यायचे आणि नखाने सोलायला सांगायचं. एक दाणा सोलायला चार वर्षांच्या मुलाला बराच वेळ लागतो, आणि आतून तांदूळ निघाला की वर्गात जो आरडाओरडा होतो तो होऊ द्यावा. अंगठा आणि तर्जनीची ही चिमूट पुढे पेन्सिल धरायला लागते. ठिपके जोडायच्या दहा पानांपेक्षा पाच दाणे सोलण्यात बोटांना जास्त काम पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी तराजू. कपड्याच्या हँगरला दोन्ही टोकांना दोन सारख्या वाट्या दोरीने बांधल्या की झाला. एकीत वाटीभर मुरमुरे, दुसरीत वाटीभर तांदूळ. आधी मुलांनी सांगायचं, कोणती बाजू खाली जाईल. वाटीभर दोन्ही सारखेच असून एक खाली का गेली, यावर मुलं जे तर्क लढवतात ते शिक्षिकेने फळ्यावर जसेच्या तसे लिहावेत. चुकीचे असले तरी.

तिसऱ्या दिवशी सूप आणा. धानात थोडा भुसा मिसळा आणि अंगणात पाखडू द्या. भुसा उडेल, नाकातोंडात जाईल, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, हेही तिथेच शिकून होतं. नंतर मूठभर धान पाण्यात टाकायचं. भरलेले दाणे तळाला जातात, पोचट वर तरंगतात. शेतकरी बियाणं असंच निवडतो. ज्या घरातले आजोबा शेती करत असतील त्यांना त्या दिवशी वर्गात बोलवा, ते कुठल्याही पाहुण्या तज्ज्ञापेक्षा बरं सांगतील.

एकाच दाण्याची किती नावं

मराठी घरांसाठी या थीममध्ये आणखी एक गोष्ट दडली आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आपलं मूल घरी मराठी बोलतं, शाळेत हिंदी, पुस्तकात इंग्रजी आणि गल्लीत छत्तीसगढी ऐकतं. शाळेत गेल्यावर काही महिन्यांत घरची भाषा आक्रसू लागते. 'आजी, चावल दे' असं ऐकून आजी गप्प होते.

धानाच्या थीममध्ये हा प्रश्न वर्गातच मांडता येतो. कोकणातली आजी शेतातल्या पिकालाही भात म्हणते आणि ताटातल्यालाही भातच. विदर्भातून आलेल्या घरात पिकाला धान म्हणतात. हिंदीत कच्चा असो की शिजलेला, चावलच. छत्तीसगढीत कच्चा तो चाउर आणि शिजला की भात. प्रत्येक मुलाने घरून एक शब्द विचारून आणायचा आणि तो शब्द त्या त्या ताटलीजवळ चिकटवायचा. लिहिता येत नसेल तर आईने लिहून द्यावा. आपल्या आजीचा शब्द शाळेच्या भिंतीवर आहे, हे मुलाला रोज दिसतं. घरी बोलायचं कारण मिळतं. आजीलाही.

पोळा आला की माती

पावसाळ्यात दुसरी थीम आयती मिळते. मराठी पंचांगात श्रावणातल्या अमावास्येला पोळा येतो. इथल्या पंचांगात तीच अमावास्या भाद्रपदाची, पण दिवस एकच. छत्तीसगडमध्ये त्याला पोरा म्हणतात, बाजारात चाकांचे मातीचे नंदिया बैल आणि मातीची चूल, जातं, भांडी येतात, घरात ठेठरी-खुरमी होते. नागपूरकडच्या तान्ह्या पोळ्यात मुलं लाकडी बैल घेऊन निघतात. बाजारातून बैल विकत आणून मुलांना धरायला लावणं हा फोटोचा कार्यक्रम झाला. त्यापेक्षा भिजवलेली चिकणमाती प्रत्येकाला मूठभर द्या आणि बैल बनवू द्या. कुणाचा बैल तीन पायांचा होईल, कुणाचा उभाच राहणार नाही. पाय जाड केले की उभा राहतो, हे सांगून टाकू नका, मुलं दोन-तीनदा पाडून स्वतःच तिथे पोहोचतात. एक जुनी पद्धत मात्र मोडायला हवी, बैल मुलग्यांना आणि चूल मुलींना. दोन्ही सगळ्यांना द्या.

बूढा तलाव जवळ आहे म्हणून पाण्याची थीमही घेता येईल. वर्गात टब आणि काय बुडतं, काय तरंगतं हा खेळ पुरेसा आहे. संत्रं सालीसकट तरंगतं आणि सोललं की बुडतं, एवढं एक करून बघाच.

'पण लिहायला कधी शिकवणार?'

हा प्रश्न येणारच. शेजारच्या शाळेत नर्सरीतच ए टू झेड लिहून घेतात आणि आपलं मूल धान सोलतंय, म्हटल्यावर आईबाबांच्या पोटात गोळा येतो. तो खोटा नाही, पुढच्या प्रवेशाची काळजी खरी असते. शाळेने यावर भाषण देण्यापेक्षा रोज एका मुलाचं एक वाक्य पालकांना पाठवावं. 'आज ती म्हणाली, मुरमुऱ्याच्या पोटात हवा आहे म्हणून तो हलका.' असं वाक्य वाचलं की पालक जरा थांबतात. माझ्या पाहण्यात फोटोपेक्षा हे जास्त चालतं.

२५ मुलं आणि एकच ताई असेल तर सगळ्यांना एकाच वेळी धान देऊ नका. सहा-सात मुलांचे गट करून एका कोपऱ्यात धान, एकात माती, एकात चित्रं, एकात ठोकळे ठेवा आणि गट फिरवा. धानाच्या कोपऱ्यात मोठं माणूस बसलेलं हवंच. लहान मुलं दाणे नाकात, कानात घालतात. तीन वर्षांखालच्यांना धान, चणे, शेंगदाणे देऊच नका. पाण्याचा टब वापरून झाला की लगेच रिकामा करा, थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. खेळात वापरलेलं धान्य खायला वापरू नये, ते पक्ष्यांना टाकावं, आणि ते काम मुलांनाच द्यावं.

थोडं धान मात्र बाजूला ठेवा. रात्रभर भिजवून पसरट डब्यातल्या ओल्या मातीत पेरा, आठवडाभरात हिरवे कोंब दिसतील. छत्तीसगडमध्ये श्रावणात गव्हाची अशीच रोपं उगवून भोजली करतात आणि ती एकमेकांच्या कानावर खोचली की दोघी मैत्रिणी आयुष्यभर एकमेकींना 'भोजली' म्हणतात. वर्गातल्या मुलांना ही गोष्ट सांगा. डब्यातले कोंब बोटभर झाले की कुणाच्या कानावर खोचायचे, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.