१०२४च्या अलीकडे

या आठवड्यात एन्जिनएक्स बसवू असं म्हटलं होतं, पण ते आता पुढच्या आठवड्यावर ढकलतो. सोलापूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आलंय, आणि त्यांचा प्रश्न नेमका वाटेत आडवा बसलाय.

त्यांच्या प्रयोगशाळेत डेबियनवर टॉमकॅट व्यवस्थित चालू झाला. पण पत्त्यापुढे दरवेळी ८०८० लिहायचा मुलांना कंटाळा. एका पठ्ठ्याने सर्व्हर.एक्सएमएलमधला ८०८० खोडून तिथे ८० लिहिला, टॉमकॅटची स्क्रिप्ट सुडो लावून हाताने चालवली आणि पान उघडून दाखवलं. ‘चाललं ना, मग बिघडलं कुठे?’ असं तो विचारतो.

पहिलं बिघडतं ते लगेच दिसतं. रूटच्या नावाने चाललेल्या टॉमकॅटने लॉगच्या आणि कामचलाऊ फायली रूटच्याच मालकीच्या करून ठेवलेल्या असतात. नंतर कुणी नेहमीच्या पद्धतीने सेवा सुरू केली की ‘टॉमकॅट’ नावाच्या साध्या वापरकर्त्याला त्या फायलींना हात लावता येत नाही, आणि परवानगी नाकारल्याच्या ओळी दिसू लागतात. हे मालकी बदलून निस्तरता येतं. दुसरं बिघडतं ते दिसत नाही. मुलांनी लिहिलेल्या एखाद्या अॅपमध्ये फाइल चढवायची सोय आहे आणि तिथे जेएसपी फाइलही चढते, असं समजा. ती फाइल जो चढवेल त्याचा हुकूम सर्व्हरवर चालणार, आणि टॉमकॅट रूट असला तर तो रूटचा हुकूम. मग पासवर्डांच्या फायलीपासून अख्ख्या डिस्कपर्यंत सगळं त्याचं.

पण मुलाच्या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न दडलाय, आणि मला त्यातच जास्त रस आहे. ८० साठी रूट लागतोच का? ८०८० कुणालाही मिळतो, मग ८० ने काय घोडं मारलंय?

पोर्टांचे क्रमांक ६५५३५ पर्यंत जातात. त्यांतले १०२४च्या आतले फक्त रूटने उघडायचे, हा नियम बर्कलीच्या युनिक्समधून आला. १९८३च्या ४.२ बीएसडीबरोबर आरलॉगिन आणि आरएसएच हे दोन प्रोग्राम सगळीकडे पोचले. एका यंत्रावर लॉगिन केलं की तिथून दुसऱ्यावर पासवर्डाशिवाय जाता यावं, यासाठी ते होते. पलीकडचं यंत्र ओळख पटवायचं कशावरून? जोडणी १०२४च्या आतल्या पोर्टवरून निघाली असेल, तर ती उघडणारा प्रोग्राम तिथल्या रूटच्या परवानगीने चाललेला असणार, आणि तो ‘हा अमुक वापरकर्ता’ म्हणत असेल तर ते खरं धरायचं. पाटलाची चिठ्ठी आणली की परगावच्या माणसाला ओसरीवर जागा मिळायची, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा हे शहाणपणाचंही होतं. यंत्रं व्हॅक्ससारखी अवजड नि महाग, आणि प्रत्येकाला जबाबदार प्रशासक नेमलेला.

हा विश्वास फार टिकला नाही. पुढे ज्याच्या टेबलावर स्वतःचं यंत्र आलं तो त्या यंत्रापुरता रूट झाला, आणि चिठ्ठ्या कुणीही लिहू लागलं. त्याआधीच, १९८५ साली, रॉबर्ट टॅपन मॉरिसने बेल लॅब्जमध्ये एक टिपण लिहून दाखवलं होतं, की टीसीपीचे क्रम-आकडे ओळखता आले तर विश्वासातल्या यंत्राचं सोंग दुरूनही घेता येतं. तीन वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, याच मॉरिसचा कीडा इंटरनेटभर पसरला. त्याने पसरण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक होती आरएसएचवरचा हाच आंधळा विश्वास.

आरलॉगिनची सद्दी खरी संपवली ती फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरून टिपले जात असल्याचं उघड झालं, आणि त्यांनी एसएसएच लिहायला घेतलं. त्यांना पोर्ट हवा होता २२. एका बाजूला एफटीपीचा २१, दुसऱ्या बाजूला टेलनेटचा २३, आणि त्यांना या दोघांचीही जागा घ्यायची होती. १० जुलैला त्यांनी क्रमांक वाटणाऱ्या कार्यालयाला ईमेल केली. दुसऱ्या दिवशी जॉइस रेनॉल्ड्स यांचं उत्तर हजर: २२ तुम्हाला दिला. ना अर्ज, ना शुल्क, ना ‘साहेब रजेवर आहेत’! याच रेनॉल्ड्सबाईंनी जॉन पोस्टेल यांच्याबरोबर संकलित केलेल्या जुलै १९९२च्या आरएफसी १३४० मध्ये ८० क्रमांक वर्ल्ड वाइड वेबच्या नावावर लागलेला आहे.

आरलॉगिन गेलं, पण त्याच्यासाठी केलेला नियम राहिला. आज त्याचा उपयोग एवढाच, की अनेकांनी वापरायच्या यंत्रावर वेब सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्या एखाद्या वापरकर्त्याला ८० बळकावून स्वतःचं पान लावता येत नाही. प्रयोगशाळेत हाही उपयोग लहान नाही. नियम मोडीत काढायचा तर लिनक्समध्ये ४.११ आवृत्तीपासून एक आकडा बदलून ही मर्यादा खाली आणता येते. अॅपलनेही २०१८च्या मॅकओएस मोहावीत ती बऱ्याच अंशी सैल केली.

मग अपाची, एन्जिनएक्स ही मंडळी काय करतात? ती रूट म्हणून सुरू होतात, ८० उघडतात आणि विनंत्या हाताळायचं काम साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालणाऱ्या प्रक्रियांकडे सोपवतात. टॉमकॅटला हे स्वतःहून जमत नाही, कारण तो जावात लिहिलेला. जावा सगळ्या प्रणालींवर सारखी चालावी म्हणून तिच्या प्रमाण संचात ‘आता माझी ओळख बदल’ असं युनिक्सला सांगायची सोयच ठेवलेली नाही. त्यासाठी जेएसव्हीसी नावाचा सी भाषेतला एक वेगळा प्रोग्राम लिहावा लागला. तो आधी पोर्ट उघडू देतो, मग पायरी उतरतो.

दुसरा मार्ग रूटच्या अधिकाराचा फक्त हवा तेवढा तुकडा देण्याचा. १९९९च्या लिनक्स २.२ पासून रूटच्या सत्तेची अशी वाटणी झालेली आहे आणि खालचे पोर्ट उघडणं हा तिच्यातला एक वाटा. पुष्कळ जण तो सेटकॅपने थेट जावाच्या प्रोग्रामवर चिकटवतात. असं करू नका. एक तर त्या यंत्रावरच्या कुणाच्याही कुठल्याही जावा प्रोग्रामला तो अधिकार मिळतो. शिवाय असा अधिकार दिलेला प्रोग्राम सुरू करताना लिनक्स जास्त सावध होतं, आणि जावाला स्वतःचीच लिबजेएलआय ही लायब्ररी सापडेनाशी होते. एवढं करून पॅकेज अद्ययावत झालं की फाइल नवी येते आणि अधिकार पुसला जातो.

सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलीत हा तुकडा एकट्या टॉमकॅटला देता येतो. गंमत म्हणजे डेबियनच्या टॉमकॅट पॅकेजमध्ये तो देणारी ओळ आधीच लिहिलेली आहे. म्हणजे त्या मुलाने आकडा बदलून सेवा नेहमीप्रमाणे पुन्हा सुरू केली असती, तरी ८० वर पान उघडलं असतं. सुडोची गरजच नव्हती.

तरीही मी टॉमकॅटला ८०८० वरच ठेवतो. एन्जिनएक्स पुढे उभा असला की प्रमाणपत्रं, चित्रं-सीएसएस, एकाहून जास्त अॅप्स हे सगळं त्याच्याकडे जातं, आणि टॉमकॅट पुन्हा सुरू होत असताना लोकांना कोरी चूक दिसण्याऐवजी ‘थोड्या वेळाने या’ असं नीट पान दाखवता येतं. मात्र ८०८० हा १०२४च्या पलीकडचा. टॉमकॅट बंद असताना यंत्रावरचा कुणीही तो उघडू शकतो आणि एन्जिनएक्स बिचारा त्याच्याकडेच विनंत्या पाठवत राहतो. बाईंच्या प्रयोगशाळेत हे होऊ शकतं. जावा १६ किंवा पुढची असेल तर नव्या टॉमकॅटमध्ये पोर्टऐवजी युनिक्स सॉकेटची फाइल वापरता येते, म्हणजे तिच्यावर नेहमीच्या फाइलसारख्या परवानग्या बसतात. त्याचा खुलासा एन्जिनएक्सच्या भागात करू.

तोवर एवढं करून ठेवा. सर्व्हर.एक्सएमएलमध्ये पोर्ट परत ८०८० करा, त्याच कनेक्टरमध्ये अॅड्रेस म्हणून १२७.०.०.१ लिहा आणि सेवा पुन्हा सुरू करा. मग एसएस आज्ञेने ऐकणारे पोर्ट पाहा. १२७.०.०.१ च्या आधी दोन अपूर्णविराम, चार एफ आणि आणखी एक अपूर्णविराम असं काहीतरी विचित्र दिसेल. ती जावाची आयपीव्ही६ मधून बोलायची सवय आहे. तारांकन किंवा सगळी शून्यं दिसली, तर मात्र टॉमकॅट अजून बाहेरच्या जगाशी थेट बोलतोय.