बाजारातील वावड्या आणि कायदा

बाजारात वावड्या उठविणारा मनुष्य बहुधा धूर्त असतो. अमक्या पेढीचे दिवाळे वाजले असे तो छातीठोकपणे सांगत नाही, ‘आपले ऐकले हो, खरेखोटे देव जाणे’ अशी पुस्ती जोडतो, आणि तेवढ्यानेच उधारीवर माल देणारा अडत्या हात आखडता घेतो. ऐकीव म्हणून सांगितल्याने कायद्यातून सुटका होत नाही, ही गोष्ट निराळी. अशा वेळी व्यापारी प्रथम पोलीस ठाण्याकडे धाव घेतो, आणि ती बहुधा व्यर्थ जाते. कारण बदनामी हा अदखलपात्र अपराध असून, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद असली, तरी फिर्याद पीडिताने स्वतःच दंडाधिकाऱ्यांपुढे गुदरावयाची असते. शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या कैदेने गेलेले गिऱ्हाईक परत येते थोडेच!

त्यापेक्षा दिवाणी मार्ग मला अधिक श्रेयस्कर वाटतो. अब्रूनुकसानीच्या दाव्याची मुदत अवघी एक वर्ष आहे. परंतु दावा दाखल होताच तूर्तातूर्त मनाई हुकूम मागता येतो, आणि ऐन सणासुदीत खव्यात भेसळ असल्याची आवई उठलेल्या मिठाईवाल्याला भरपाईपेक्षा त्या हुकुमाचीच निकड अधिक असते.

मात्र कित्येकदा मालकाच्या चारित्र्याविषयी एकही वावगे अक्षर उच्चारलेले नसते, तरी धंदा बसतो. १८९२ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे आलेल्या ‘रॅटक्लिफ विरुद्ध इव्हान्स’ या खटल्यात, बॉयलर बनविणाऱ्या एका कारखानदाराने आपला व्यवसाय बंद केला असे वृत्तपत्राने छापले होते. धंदा बंद करण्यात बेअब्रू ती कसली? परंतु विधान खोटे होते, दुष्ट हेतूने केलेले होते, आणि त्यामुळे धंद्याची हानी झाली होती. या तीन गोष्टी शाबीत झाल्या. आता, छापील मजकूर वाचून कोणकोण परतले हे वादीने कोठून सांगावे? एकूण धंदा घटल्याचा पुरावाच न्यायालयाने पुरेसा मानला, आणि १२० पौंडांची भरपाई कायम राहिली. आपल्याकडेही हेच तत्त्व मार्गदर्शक मानले जाते. म्हणून आवईच्या आधीचा आणि नंतरचा रोजमेळ, रद्द झालेल्या मागण्यांची पत्रे, खतावणीतील उतरती येणी यांची जपणूक वकिलाच्या नोटिशीइतकीच महत्त्वाची.

हल्ली कंडी पिकते ती मोबाइलवर. संदेशाची नुसती छापील प्रत न्यायालयात चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. जालन्याच्या निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात, तेव्हाच्या पुरावा कायद्याचा अर्थ लावताना, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. मूळ उपकरणाच्या मालकाने स्वतः साक्षीला उभे राहून ते हजर केले, तरच त्याची गरज नाही. अडचण एवढीच की, ज्या अडत्याने तो संदेश आपुलकीने दाखविला, त्याचा प्रतिस्पर्ध्याशीही व्यवहार असतो, आणि साक्षीचे समन्स म्हटले की त्याची स्मृती मंदावते.