व्रत आणि वेतन

भाईंदर स्थानकावर सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलगाड्यांना जी गर्दी लोटते ती एकदा पाहिली म्हणजे या शहराचा दिवस कसा दुभंगलेला आहे हे ध्यानात येते. कमावती माणसे उजाडताच मुंबईकडे निघून जातात आणि मागे उरतात ती शाळकरी मुले, निवृत्त वृद्ध, घर सांभाळणाऱ्या स्त्रिया आणि पोलीस भरतीपासून लोकसेवा आयोगापर्यंतच्या परीक्षांना बसू पाहणारे तरुण. म्हणजे वाचनालयाची ज्यांना सर्वाधिक गरज असते नेमकी तीच माणसे. १९८५ साली काही ग्रामपंचायती एकत्र करून येथे मिरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली, आणि २००१ च्या जनगणनेत ५ लाख २० हजारांवर असलेली वस्ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. मिठागरे मागे हटली, इमारती पुढे सरकल्या, आणि त्या इमारतींतील लहानशा घरांत, जेथे स्वयंपाक, दूरदर्शन व पाहुणे एकाच खोलीत नांदतात, अभ्यासासाठी एक कोपरा मिळणे दुर्लभ झाले. अशा घरातल्या मुलाला वाचनालयातील टेबलाचा एक हात रुंदीचा तुकडा म्हणजे काय वाटत असेल, हे ज्याने त्या वयात तसा तुकडा शोधला आहे त्यालाच कळेल.

परंतु मला लिहावयाचे आहे ते त्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाविषयी. तो ग्रंथपाल असेल, सहायक असेल, लिपिक असेल किंवा शिपाई असेल. बहुतेक ठिकाणी या चारही नावांनी करावयाची कामे एकाच व्यक्तीकडे असतात, आणि पुष्कळदा ती व्यक्ती स्त्री असते. नवी पुस्तके आली की दाखल नोंदवहीत त्यांची नोंद करणे, शिक्के मारणे, वर्गांक घालणे, देवघेव सांभाळणे, वर्गणी व अनामत यांचा हिशेब ठेवणे, मुदत टळलेल्या पुस्तकांसाठी सभासदांना पुनःपुन्हा आठवण देणे, वार्षिक अहवालाचे तक्ते भरणे आणि ते कागद घेऊन घोडबंदर रस्त्याने ठाण्याच्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कचेरीत खेटे घालणे, ही झाली कागदावरची कामे. कागदावर नसलेली कामे याहून जड आहेत. खाडीकाठच्या दमट हवेत पुस्तकांना धरणारी बुरशी, कसर आणि वाळवी यांच्याशी पावसाळाभर झुंजावे लागते. जुन्या कागदाची धूळ छातीत साठते. शिडीवर चढून वरच्या कप्प्यातले खंड उतरविताना कंबर धरते. आणि या सर्वांवर माणसांचा ताण असतो. अभ्यासिकेत जागेवरून होणारी भांडणे, भ्रमणध्वनीवर मोठ्याने बोलणाऱ्यास समज देताना ऐकावी लागणारी उत्तरे, विशिष्ट पुस्तक नाही म्हणून रागावणारा सभासद, आणि दिवसभर बोलावयास कोणी न मिळाल्यामुळे वर्तमानपत्राच्या मिषाने तासभर आपले एकटेपण सांगत बसणारा वृद्ध. या वृद्धाचे ऐकून घेणे हे कोणत्याही नोकरीच्या शर्तींत लिहिलेले नाही. तरी चांगला ग्रंथपाल ते ऐकून घेतो.

अशा माणसाविषयी आपण काय बोलतो? ग्रंथालयाच्या वर्धापनदिनी पाहुणे येतात, ग्रंथदिंडी निघते, शाल व श्रीफळ दिले जाते, आणि भाषणांत एक वाक्य ठरल्याप्रमाणे उच्चारले जाते, की हे काम म्हणजे नोकरी नसून व्रत आहे. हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात आदरच असतो, याविषयी मला शंका नाही. तथापि व्रत या शब्दाचा अर्थ आपल्या परंपरेत स्पष्ट आहे. व्रत ज्याचे त्याने स्वतः घ्यावयाचे असते, त्याचा संकल्प स्वतः सोडावयाचा असतो, आणि त्याचे उद्यापनही स्वतःच करावयाचे असते. एकाने घ्यावयाचे व्रत दुसऱ्याने त्याच्यावर घातले की त्याची वेठ होते. आणि ज्याच्या हाती वेतन देण्याचा अधिकार आहे त्याने ते न देता व्रताची महती सांगावी, यात तर स्पष्ट अन्याय आहे. अमेरिकेतील एक ग्रंथपाल, फोबाझी एटार, यांनी २०१८ साली लिहिलेल्या एका निबंधात हाच विचार तेथील ग्रंथालयांविषयी मांडला. ग्रंथालयाला देवालयाचे पावित्र्य चिकटले की त्यातील सेवकाने पगार, विश्रांती वा सुरक्षितता मागणे हेच अपवित्र वाटू लागते, असे त्यांचे म्हणणे आहे. आणि ते वाचताना मला आपल्याच वर्धापनदिनांची भाषणे आठवत राहिली.

आता वेतनाचा हिशेब पाहू. ग्रंथालयांच्या बाबतीत महाराष्ट्राचा वारसा उणा नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले ते १८९३ साली. आणि ग्रंथालयांसाठी कायदा करण्याचा मान हिंदुस्थानात प्रथम मिळविला तो १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने. राज्यनिर्मितीनंतर १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि पुढील वर्षी ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आले. मात्र १९४८ च्या मद्रासच्या कायद्याने ग्रंथालयांसाठी जो स्वतंत्र उपकर बसविला, तसा उपकर आपल्या कायद्याने बसविला नाही. आपली व्यवस्था अनुदानाची राहिली. गावोगावच्या नोंदणीकृत संस्थांनी ग्रंथालये चालवावीत, शासनाने त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन वर्गानुसार अनुदान द्यावे, अशी ती रचना आहे, आणि आज राज्यात अशी ११ हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये आहेत.

या रचनेतील सर्वांत खालच्या, म्हणजे ड वर्गाच्या ग्रंथालयाला २०१२ नंतर वर्षाला ३० हजार रुपये मिळत असत. दहा वर्षांनी, २०२२ च्या अखेरीस, राज्य मंत्रिमंडळाने अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली आणि हा आकडा ४८ हजारांवर गेला. वाढ स्वागतार्ह होती. तरीही ४८ हजारांस १२ ने भागले तर महिन्याला ४ हजार रुपये झाले, आणि या ४ हजारांत पुस्तके, नियतकालिके, जागेचे भाडे, वीज आणि ग्रंथपालाचे वेतन हे सर्व बसवावयाचे होते. एकही पुस्तक न घेता, एकही दिवा न लावता सर्व रक्कम ग्रंथपालाच्या हाती ठेवली, तरी या शहरातून रोज मुंबईस जाऊन येणाऱ्या एखाद्या हमालाच्या महिन्याच्या कमाईशीही तिची तुलना करवली नसती. वरच्या वर्गांची स्थिती याहून बरी आहे, पण निश्चित वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन आणि सेवाशर्ती यांची मागणी सर्व वर्गांतील सेवकांची सारखीच आहे. या प्रश्नावर प्रभे समिती झाली, व्यंकप्पा पत्की समिती झाली, त्यांच्या शिफारशी दफ्तरी आल्या. मागणी मात्र आजही उभीच आहे.

यात एक कायदेशीर पेच आहे, आणि सामान्य वाचकाने तो समजून घेणे अगत्याचे आहे. ग्रंथालयाचा सेवक हा शासनाचा नोकर नाही. तो नोंदणीकृत संस्थेचा नोकर आहे. त्यामुळे त्याने शासनाकडे दाद मागितली की उत्तर येते, तुमचा मालक तुमची संस्था. संस्थेकडे दाद मागितली की उत्तर येते, पैसा शासनाचा, तो वाढल्यावाचून आम्ही काय करणार? दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत, आणि या दोन खऱ्या उत्तरांच्या मध्ये माणसाची तीस-तीस वर्षे निघून जातात. महापालिकांच्या वाचनालयांत पेच वेगळा असतो. रस्ते, पाणी, गटारे ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये. वाचनालय हे ऐच्छिक. ऐच्छिकाच्या वाट्याला तरतूद उरेल तेवढी येते आणि मनुष्यबळही उरेल तेवढेच. मिरा-भाईंदरसारख्या नव्या शहराचे आणखी एक दुर्दैव असे, की २०१२ साली झालेल्या ग्रंथालयांच्या राज्यव्यापी पडताळणीनंतर नवीन ग्रंथालयांना मान्यता देणे आणि जुन्यांचा वर्ग वाढविणे कित्येक वर्षे थांबले होते. शहर वाढत होते, आणि त्याच्याबरोबर वाढू पाहणाऱ्या वाचनालयापुढे दार मिटलेले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामातून येणाऱ्या शिणाची जी व्याख्या केली तिच्यात तीन लक्षणे सांगितली आहेत: शक्ती आटल्यासारखे वाटणे, कामाविषयी परकेपणा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना बळावणे. मराठीत यास उबग हा जुना शब्द आहे, आणि तो मला पुरेसा वाटतो. या व्याख्येतील महत्त्वाची गोष्ट अशी, की तिने हा शीण माणसाच्या स्वभावात न शोधता कामाच्या ठिकाणी शोधला. तिरसटपणे पुस्तक पुढे टाकणारा ग्रंथपाल आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिला आहे, आणि मनातल्या मनात त्याला दोषही दिला आहे. तो नोकरीवर रुजू झाला त्या दिवशी तसा होता काय, हा प्रश्न आपण विचारला नाही.

येथे एका फार मोठ्या माणसाची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. ज्यांचा १२ ऑगस्ट हा जन्मदिवस आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो, ते डॉ. शि. रा. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि तेथील एकांत व निष्क्रियता त्यांना इतकी असह्य झाली की थोड्याच दिवसांत ते आपल्या जुन्या महाविद्यालयात जाऊन पूर्वीची जागा परत मागू लागले. वरिष्ठांना त्यांना नाकर्ते ठरविता आले असते. पण त्यांनी असा तोडगा काढला, की रंगनाथन यांनी आधी ठरल्याप्रमाणे इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून यावे आणि त्यानंतरही मन रमले नाही तर जुनी जागा त्यांच्यासाठी मोकळी राहील. लंडनला त्यांनी शिक्षण घेतले, क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयात बर्विक सेयर्स यांच्या हाताखाली काम पाहिले, तेथे मुले, कामगार आणि गृहिणी यांनी गजबजलेली वाचनालये पाहिली, आणि त्यांना आपल्या कामाचा अर्थ सापडला. १९२५ साली ते परतले ते गणिताकडे पुन्हा न वळण्यासाठीच. १९३१ साली त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत प्रसिद्ध झाले. भारतीय ग्रंथालयशास्त्राचा जनक नोकरीच्या पहिल्याच आठवड्यांत उबगला होता, आणि कोणीतरी त्याचा उबग अपराध न मानता त्याला शिकण्याची सवड व परतीची वाट दिली, म्हणून तो टिकला. नेतृत्व म्हणतात ते मला येथे दिसते.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीही हेच ओळखले होते. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डेन यांना आणले ते नुसती पुस्तके भरण्यासाठी नव्हे. पुढच्याच वर्षी तेथे ग्रंथपालांना शिकविणारा वर्ग सुरू झाला. ग्रंथालय बांधावयाचे तर आधी ग्रंथपाल घडवावा लागतो, हा त्या राज्यकर्त्याचा निर्णय होता.

आज महाराजांच्या जागी आहेत कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष आणि कार्यवाह. ही मंडळी विनावेतन काम करतात, बहुधा आपला व्यवसाय सांभाळून करतात, आणि अनुदान वाढविणे त्यांच्या हाती नसते, हे मी जाणून आहे. पण पुष्कळ गोष्टी त्यांच्या हाती असतात. अनुदानाचे हप्ते उशिरा येतात म्हणून वेतनही उशिरा द्यावयाचे, की वर्गणीतून दोन-तीन महिन्यांची शिल्लक बाजूला ठेवून ते ठरल्या तारखेस द्यावयाचे, हा निर्णय कार्यवाहाचा असतो. पुस्तकखरेदीच्या यादीत रोज वाचकांशी बोलणाऱ्या ग्रंथपालाचे मत घ्यावयाचे की नाही, प्रमाणपत्र परीक्षेसाठी त्यास भरपगारी रजा द्यावयाची की नाही, साप्ताहिक सुटी खरोखर सुटी असावी की नाही, याला शासननिर्णय लागत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, सभासद अंगावर धावून आला असता कार्यवाहाने कोणाच्या बाजूस उभे राहावयाचे. मी एका वाचनालयात असा प्रसंग पाहिला आहे. फाटलेल्या पुस्तकाची भरपाई मागितली म्हणून एक वजनदार सभासद ग्रंथपालबाईंना चारचौघांत टाकून बोलला, आणि आत बसलेले पदाधिकारी बाहेर आले ते त्या सभासदाची क्षमा मागण्यासाठी. बाईंनी नोंदवही मिटली आणि त्या मुकाट्याने पुढचे पुस्तक देऊ लागल्या. त्यानंतर त्या कोणालाही पुस्तक सुचविताना मला दिसल्या नाहीत. मागितलेले तेवढे काढून देत.

या शहराच्या हद्दीत, उत्तनच्या टेकडीवर, लोकप्रतिनिधींना आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांना शिक्षण देणारी रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. १९८२ साली स्थापन झालेल्या या संस्थेने कार्यकर्ता हा जन्मतःच सर्व जाणत नाही, त्यालाही शिकावे लागते, ही गोष्ट आपल्याकडे रुजविली. ग्रंथालयांच्या पदाधिकाऱ्यांनाही माणसे सांभाळण्याचे शिक्षण असेच रीतसर मिळावयास हवे, आणि जिल्हा ग्रंथालय संघांनी आपल्या अधिवेशनांत अनुदानाच्या ठरावाबरोबर या विषयासाठीही अर्धा दिवस राखून ठेवावयास हवा.

राहिला सभासद. आपण ज्या वाचनालयाचे सभासद असाल त्याची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी भरते आणि तिला बहुधा गणपूर्तीपुरतीही माणसे येत नाहीत. या वर्षी जावे. जमाखर्च पत्रकाची प्रत मागून घ्यावी, तीत वेतनाची ओळ शोधावी, त्या रकमेस सेवकांच्या संख्येने आणि १२ ने भागावे, आणि जो आकडा येईल तो सभेत उभे राहून मोठ्याने वाचून दाखवावा.