गप्पी माशांच्या काचपेटीतील पाणवनस्पती

गप्पी मासा डासांच्या अळ्या खातो, म्हणून आरोग्य खात्यातर्फे तो साठलेल्या पाण्यात सोडला जातो. शाळेत काचपेटीत तो पाळल्यास परिसर अभ्यासाचा जिवंत पाठच मुलांसमोर राहतो. मात्र गप्पीची मादी अंडी न घालता पिले देते आणि मोठे मासे ती पिले गिळतात. पिलांना आसरा हवा, तो दाट पाणवनस्पतींचा.

अहिल्यानगर जिल्ह्यातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. गप्पीला ते मानवते. वनस्पतीही तशाच निवडाव्यात. हायड्रिला व वॅलिस्नेरिया जड पाण्यात चांगल्या वाढतात. सेराटोफायलमला मुळे नसतात. तो नुसता तरंगत ठेवला तरी त्याच्या बारीक पानांत पिले लपतात. जलपर्णी घेऊ नये. ती प्रकाश अडविते. ओढ्यातून आणलेली वनस्पती स्वच्छ धुवावी व आठवडाभर निराळ्या भांड्यात ठेवून, गोगलगायी व किडे वेचून मगच पेटीत लावावी.

उन्हात हायड्रिलाच्या तुटक्या देठातून निघणारे प्राणवायूचे बुडबुडे मुलांना अवश्य दाखवावेत. पेटीतील मासे अगर वनस्पती मात्र नदी-तलावात टाकू नयेत. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतील. येथील देशी माशांस तो बाधक ठरू शकतो, हेही मुलांना समजावून सांगावे.