कुंपणाबाहेरचं पाणी

इचेटक्नी नदीचा उगम शोधायला डोंगर चढावा लागत नाही. उत्तर फ्लोरिडात, फोर्ट व्हाइट या छोट्या गावाच्या वायव्येला, दाट रानात एका जागी जमीन खोल उघडी पडली आहे. तिथे तळातून निळसर, आरपार दिसणारं पाणी वर येतं आणि नदी सुरू होते. पुढे वाटेत आणखी उमाळे येऊन मिळतात. नाव असलेले आठ, बिननावाचे कितीतरी. सगळे मिळून दिवसाला 80 कोटी लिटरच्या घरात पाणी देतात. जेमतेम 10 किलोमीटर वाहून ही नदी सँटा फे नदीला मिळते, सँटा फे सुवानीला, आणि सुवानी मेक्सिकोच्या आखाताला. पाण्याचं तापमान बारा महिने 22 अंश सेल्सियसच्या आसपास राहतं. भर उन्हाळ्यात उतरणारा हुडहुडतो आणि थंडीच्या सकाळी याच पाण्यावरून वाफा निघतात.

या नदीवरची मोठी मौज म्हणजे ट्यूबिंग. हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसायचं आणि अंग प्रवाहावर सोडून द्यायचं. ट्रकची ट्यूब घेऊन विहिरीत पोहायला शिकलेल्या मराठी वाचकाला हे साधन नवं नाही. फ्लोरिडात ही चाल रुजवली ती मुख्यतः गेन्सव्हिलच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी, विसाव्या शतकाच्या मध्यात. तेव्हा ही जमीन लोन्काला फॉस्फेट या कंपनीची होती. परिसरात एकेकाळी फॉस्फेटचं खाणकाम चालायचं, त्याचे खड्डे रानात आजही दिसतात. त्याआधी, सतराव्या शतकात, नदीकाठच्या एका उमाळ्यापाशी स्पॅनिश पाद्र्यांनी सॅन मार्टिन नावाचं मिशन बांधलं होतं, कारण तिमुकुआ लोकांची वस्ती तिथे होती. माणसं या पाण्याकाठी फार पूर्वीपासून राहत आली आहेत.

1970 मध्ये राज्याने ही जमीन विकत घेऊन इचेटक्नी स्प्रिंग्ज स्टेट पार्क उभारलं. दोनच वर्षांनी, 1972 मध्ये, मुख्य उमाळ्याला राष्ट्रीय नैसर्गिक स्थळाचा दर्जा मिळाला. कीर्ती पसरली तशी झुंबड उडाली. सत्तरच्या दशकात उन्हाळ्यातल्या एकेका दिवशी तीन हजारांपर्यंत माणसं ट्यूबा घेऊन पाण्यात उतरत.

नुकसान पाण्याखाली झालं. नदीच्या तळाशी लांब पट्ट्यांसारख्या पानांचं गवत वाढतं. मत्स्यपेटी ठेवणाऱ्यांना ते व्हॅलिसनेरिया या नावाने ठाऊक असेल. सोबत जंगली भात आणि इतर पाणवनस्पती असतात. नदीचा सगळा संसार या गवतावर उभा आहे. गोगलगायी त्यावरचं शेवाळ खातात, माशांची पिल्लं त्यात लपतात, कासवं ते चरतात. वरच्या भागात नदी उथळ आहे. तिथे ट्यूबवरून उतरलेल्या माणसांच्या पावलांनी गवत उपटलं जाई, उन्हाळा संपेपर्यंत तळाला टक्कल पडे, आणि थंडीत गर्दी ओसरली की गवत पुन्हा धरे. अभ्यासकांनी हे चक्र नोंदवलं आणि उद्यानाने माणसं मोजायला सुरुवात केली. उत्तरेकडच्या दारातून दिवसाला 750 माणसं ही मर्यादा पुढे कित्येक वर्षं पाळली गेली. आकडा भरला की दार बंद, मग मागच्या गाडीत कोणीही असो. खाद्यपदार्थ, तंबाखू, दारू, वापरून फेकायच्या बाटल्या आणि डबे नदीवर न्यायला मनाई झाली. लोकप्रिय सहलीच्या जागी असा नियम करणं सोपं असतं, तो रविवारी दुपारी पाळणं कठीण. इचेटक्नीने तो पाळला आणि गवत टिकलं, ही या उद्यानाची खरी कमाई.

त्या कमाईवर किती जीव जगतात! बुंध्यांवर सुवानी कूटर कासवं ओळीने ऊन खात बसलेली असतात. लांब चोचीचा लिंपकिन पक्षी शंखातून गोगलगाय अलगद काढून खातो. त्याची किंकाळीसारखी हाक रानात दूरवर ऐकू जाते. ऊद, बीव्हर, रानबदकं, लांबट जबड्याचे गार मासे, काठावरच्या झाडीत रानटी टर्की. पण या नदीचा सर्वांत खास रहिवासी बहुतेकांच्या नजरेला पडतच नाही. इचेटक्नी सिल्टस्नेल ही दोन-अडीच मिलिमीटरची गोगलगाय, आणि ती जगात फक्त इथल्या कॉफी स्प्रिंग या एका लहानशा उमाळ्यात सापडते. एखाद्याने तिथे बेफिकिरीने पाय रोवले तर एका प्रजातीचं अख्खं घर तुडवलं जाईल.

माणसांना आवरलं तर वन्यजीव कसा परततो, याचा ठसठशीत दाखला दक्षिणेला, ऑरेंज सिटीजवळच्या ब्लू स्प्रिंग उद्यानात मिळतो. तिथला उमाळा सेंट जॉन्स नदीला मिळतो. मॅनटी हा सुमारे साडेचारशे किलोचा, शाकाहारी सस्तन प्राणी. पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की त्याच्या जिवावर बेततं. म्हणून थंडीत मॅनटी मोठ्या नदीतून या उमाळ्याच्या कोमट पाण्यात येतात. 1970 मध्ये तिथे 14 मॅनटी मोजले गेले होते. 1972 मध्ये उद्यान झालं. आता 15 नोव्हेंबर ते 31 मार्च पोहणं, होड्या, सगळं बंद असतं आणि माणसं काठावरच्या लाकडी वाटेवरून पाहतात. उद्यानरक्षक वेन हार्टली यांनी 1980 पासून ही मोजणी हाती घेतली. प्रत्येक मॅनटी ओळखायचा तो अंगावरच्या व्रणांवरून, जे बहुतेक होड्यांच्या पंख्यांनी केलेले असतात. जानेवारी 2024 मध्ये एकाच दिवशी तिथे 900हून अधिक मॅनटी दिसले. मॅनटीची चुलत जात, समुद्रगाय म्हणजे ड्युगाँग, आपल्याकडे कच्छच्या आखातात आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत आहे. तिच्यासाठी तामिळनाडूने 2022 मध्ये 448 चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं. तिचंही अन्न पाण्याखालचं गवतच. गवत गेलं की काय होतं, हे फ्लोरिडाने 2021 मध्ये पाहिलं. तिथल्या इंडियन रिव्हर लगूनमधलं समुद्रगवत मोठ्या प्रमाणात नाहीसं झालं होतं, आणि त्या एका वर्षात राज्यात अकराशेच्या आसपास मॅनटी मेले. त्यांतले पुष्कळ उपासमारीने.

इचेटक्नीवर आता जे संकट आहे ते तिकीटखिडकीवर अडवता येत नाही, कारण नदीचं पाणी उद्यानात तयारच होत नाही.

सह्याद्रीतले झरे काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपतात, त्यामुळे ते बारीक असतात. फ्लोरिडाच्या पोटात चुनखडक आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि लाखो वर्षांत त्या खडकात भेगा, बोगदे, गुहा कोरतं. लेक सिटी शहराच्या परिसरात वर चिकणमातीचा थर आहे, म्हणून तिथे ओढे जमिनीवरून वाहतात. दक्षिणेला हा थर संपतो आणि रोझ क्रीक, क्ले होल यांसारखे ओढे विवरांत शिरून दिसेनासे होतात. शास्त्रज्ञांनी या विवरांत रंग सोडून पाहिला. तो रंग काही मैलांवरच्या इचेटक्नीच्या उमाळ्यांत उतरला. म्हणजे नदीचा वरचा भाग जमिनीखाली आहे आणि त्याच्या डोक्यावर शेतं, कुरणं, घरं, पेट्रोल पंप आहेत. ‘वॉटर्स जर्नी’ या 2003च्या माहितीपटात वेस स्काइल्स यांनी उत्तर फ्लोरिडातलं हे भूगर्भीय जग दाखवलं. पाणबुडे गुहेत पुढे सरकतात आणि वर त्यांचा माग काढणारा माणूस यंत्र हातात धरून रस्ते ओलांडतो, एका रेस्टॉरंटमधून जातो. जिम स्टीव्हन्सन हे राज्याच्या उद्यानांचे मुख्य निसर्गतज्ज्ञ होते. त्यांनी शेतकरी, पालिका आणि शास्त्रज्ञ यांना या नदीसाठी एकत्र बसवण्यात बरीच वर्षं घातली.

वरून खाली जातं ते फक्त पाणी नाही. खतं, गुरांचं शेण-मूत, घरोघरच्या सेप्टिक टाक्या यांतलं नायट्रेटही जातं. फ्लोरिडाने उमाळ्यांसाठी घातलेली मर्यादा लिटरला 0.35 मिलिग्रॅमची, इचेटक्नीत ते त्याच्या दुपटीच्या आसपास मोजलं गेलं आहे. जास्तीच्या नायट्रेटवर तंतुमय शेवाळ माजतं आणि गवताला झाकून टाकतं. शिवाय शेती आणि शहरांसाठी भूजल उपसलं जातं, त्यामुळे प्रवाहही दशकांपूर्वीपेक्षा कमी झाला आहे. याच सँटा फे नदीवर, जिनी स्प्रिंग्ज इथे, बाटलीबंद पाण्यासाठी दिवसाला 37 लाख लिटर उपशाचा परवाना 2021 मध्ये मंजूर झाला. त्यासाठीचं शुल्क होतं 115 डॉलर. शेतीचा एकूण उपसा याहून कितीतरी मोठा आहे, हे खरं. तरी पोहायला येणाऱ्याच्या हातातला सँडविच मोजणारं राज्य पाण्याची किंमत अशी लावतं, हे पटणारं नाही.

उपाय सुरू झाले आहेत. 2015 मध्ये नदीचा किमान प्रवाह ठरवण्यात आला. 2016च्या कायद्याने इचेटक्नीसह 30 प्रमुख उमाळ्यांना संरक्षण दिलं आणि त्यांच्या संवेदनशील क्षेत्रात लहान भूखंडांवर साध्या सेप्टिक टाक्यांना मनाई केली. लेक सिटीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पूर्वी मोकळ्या शेतावर फवारलं जाई. 2016 मध्ये तिथे पाणथळ जागा तयार केली गेली, जिथे वनस्पती आणि जिवाणू नायट्रोजन काढून घेतात. परिणाम लगेच दिसणार नाहीत. मोठ्या बोगद्यांतून येणारं पाणी काही दिवसांत उमाळ्याला पोचतं, पण खडकाच्या बारीक छिद्रांतून येणाऱ्या पाण्याला काही दशकं लागतात. 1990च्या सुमारास कुरणावर पडलेल्या खताचा अंश आजही वाटेत असू शकतो.

उद्यान वर्षभर रोज सकाळी आठला उघडतं, गाडीमागे प्रवेश 6 डॉलर. जमलं तर थंडीत जावं. ट्यूबांची गर्दी नसते, उत्तरेच्या दाराशी कयाक सोडता येते, प्रमाणपत्र असलेल्या गुहा-पाणबुड्यांना ब्लू होल नावाचा उमाळा खुला असतो, आणि एखादा मॅनटी खालून वर येऊन चरताना दिसण्याची आशाही याच दिवसांत. येताना मात्र लेक सिटीच्या रस्त्याने यावं. दोन्ही बाजूंना जी शेतं आणि घरं लागतात, त्यांच्याखालून हेच पाणी येत असतं.