खोडून टाकलेले उत्तर

१५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून एक दगड सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला. तो जमिनीवर किती वेळाने पडेल? हवेचा विरोध सोडून देऊ आणि गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी, आकडेमोड सोपी व्हावी म्हणून, १० धरू.

बरीच मुले या गणिताचे दोन तुकडे करतात. वर जायला १ सेकंद, तेवढ्यात चढ ५ मीटर, मग २० मीटर खाली यायला २ सेकंद, एकूण ३. उत्तर बरोबर आहे. पण असे तुकडे केले की वरच्या टोकाला दगड ‘थांबतो’ आणि तेथे त्वरणही शून्य होते, असा ग्रह होऊन बसतो. वेग आणि त्वरण दोन्ही शून्य झाली तर दगड तेथेच लटकून राहील! वस्तुतः हातातून सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत त्वरण एकच असते, म्हणून समीकरणही एकच पुरते.

वरची दिशा धन मानू. जमीन गच्चीच्या खाली, म्हणून विस्थापन −१५, त्वरण −१०. वेळ क्ष सेकंद असेल तर

−१५ = १०क्ष − ५क्ष²

म्हणजेच क्ष² − २क्ष − ३ = ०. यावरून क्ष = ३ किंवा −१.

‘काळ ऋण नसतो’ असे म्हणून आपण फळ्यावरचे −१ खोडून टाकतो. पण समीकरणाला आपला हात ठाऊक नाही. शून्य सेकंदाला दगड गच्चीपाशी आहे आणि १० च्या वेगाने वर चालला आहे, एवढेच त्याला ठाऊक. असा दगड १ सेकंद आधी जमिनीवरून २० च्या वेगाने फेकलेला असू शकतो. १ सेकंदात चढ २० − ५ = १५ मीटर आणि उरलेला वेग १०. −१ चा अर्थ हाच.

आता नेहमीची चूक. चिन्हांकडे न पाहता मुले १५ = १०क्ष + ५क्ष² असे मांडतात आणि उत्तर काढतात १ सेकंद. दगड त्याच वेगाने खाली फेकला असता तर हे उत्तर अगदी बरोबर ठरले असते. (गुण किती द्यावेत हे ज्याचे त्याने ठरवावे, आम्ही निम्मे देतो.) या समीकरणाचे दुसरे मूळ −३. जमिनीवरून २० च्या वेगाने निघालेला तोच दगड १ सेकंदाने गच्ची ओलांडून वर जातो, ३ सेकंदांनी पुन्हा गच्चीपाशी येतो, तेव्हा तो १० च्या वेगाने खाली येत असतो, आणि चौथ्या सेकंदाला जमिनीवर पडतो. दोन्ही गणितांतला दगड एकच. घड्याळ तेवढे वेगवेगळ्या क्षणी सुरू केलेले.