ऑक्टेन वाढला, ॲव्हरेज घटलं: पेट्रोलची तीस वर्षं

1 एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. नव्या गाड्यांमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होत असे, म्हणून ही सोय. फेब्रुवारी 2000 पर्यंत देशभरातलं पेट्रोल शिसेमुक्त झालं. पेट्रोलमध्ये शिसं मिसळून ऑक्टेन स्वस्तात वाढवायची युक्ती 1921 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शोधली होती. लहान मुलांच्या मेंदूला घातक असलेलं ते विष आपल्या हवेतून गेलं, ही या काळातली माझ्या लेखी सर्वांत मोठी कमाई.

पुढे रिफायनऱ्यांनी ऑक्टेन 88 वर आणि मग 91 वर नेला. 2020 च्या डिसेंबरात 100 ऑक्टेनचं पेट्रोलही आलं. महाग पेट्रोल भरलं की ॲव्हरेज वाढतं, ही समजूत पंपावर अजून पक्की आहे. पण ऑक्टेन हे पेट्रोलच्या ताकदीचं माप नाही. सिलिंडरमध्ये दाबलं गेलेलं मिश्रण तापतं. ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच ते आपोआप पेटलं की इंजिन ठोके मारतं. तसं पेटणं पेट्रोल किती रोखतं, ते ऑक्टेन सांगतो. 91 वर चालण्यासाठी बनलेल्या जुन्या मारुतीला 95 भरून एरवी काहीच मिळत नाही.

अपवाद कडक उन्हाळ्याचा. एप्रिलमधली दुपार, गाडीत पाच माणसं, एसी चालू आणि समोर खंबाटकीचा चढ. आत येणारी हवाच तापलेली असते, त्यामुळे ठोक्यांची शक्यता वाढते. आजच्या गाड्यांतला नॉक सेन्सर ते ओळखून ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण तेवढ्याच पेट्रोलमधून काम कमी निघतं. अशा वेळी वरचा ऑक्टेन थोडाफार उपयोगी पडतो. थंडीचा तोटा त्याने भरून निघत नाही. नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटे ऑइल घट्ट असतं, टायरची हवा उतरलेली असते आणि इंजिन तापेपर्यंत पेट्रोल जास्त जातं. बाजारापर्यंतच्या छोट्या फेरीत ते तापतच नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते 25 अंशांच्या तुलनेत उणे 7 अंशांना शहरातलं ॲव्हरेज सुमारे 15 टक्के घटतं. आपल्याकडे तेवढी थंडी नसते. पावसाळ्यात मात्र टायरना रस्त्यावरचं पाणी कापत जावं लागतं.

सगळ्यात मोठा बदल इथेनॉलचा. 2003 मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झालं, जून 2022 मध्ये देशाने 10 टक्के गाठले, 2025 मध्ये 20. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर, म्हणून नव्या पेट्रोलचा 95 झाला. पण इथेनॉलच्या लिटरमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. आकडा वर गेला, लिटरमधली ऊर्जा खाली आली. जास्त दाबाची, या इंधनासाठी जुळवलेली नवी इंजिनं हा तोटा बराचसा भरून काढतात. जुन्यांना ते जमत नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानेच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्के घटेल असं म्हटलं होतं.

उसाच्या पट्ट्यात कारखान्यांच्या हाती इथेनॉलचे पैसे आले, उसाची बिलं भागवायला ते कामी आले. तो लाभ मी नाकारणार नाही. पण त्याच अहवालात कमी उष्णतेची भरपाई म्हणून हे पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त विकावं, अशीही शिफारस होती. मिश्रण 20 टक्क्यांवर गेलं तेव्हा पंपावरचा दर त्यासाठी उतरला नाही. जुनी गाडी सांभाळून वापरणाऱ्याला ही सवलत मिळायलाच हवी होती.